अडीच वाजताचा खालचा सूर

४ मार्च

चि. भुंगीस,

आशीर्वाद आधी घे, मागणी खाली आहे.

तुझं मागचं पत्र चार ओळींचं होतं आणि त्यांतल्या दोन ओळींत तू घाईत असल्याचं कळवलं होतंस. त्यावरून तू संशोधनात प्रगती करते आहेस असं आम्ही अनुमान काढलं. आता तुझ्या त्या प्रगतीचा घरच्यांना काही उपयोग होतो का ते पाहायची वेळ आली आहे.

तुझे काका तीन आठवडे घरी आहेत. निलंबित. हा शब्द छापखान्यात मुद्रितं तपासताना मी शेकडो वेळा दुरुस्त केला असेल. तो एक दिवस घरात येऊन आरामखुर्चीत बसेल असं वाटलं नव्हतं.

झालं असं. अकरा फेब्रुवारीला दुपारी पावणेतीनला यांच्या सबस्टेशनातला मोठा ट्रान्सफॉर्मर फुटला आणि पेटला. त्या वेळी पैलवान त्याच्याजवळ होता. तुला आठवत असेल, यांचा जोडीदार. लहानपणी तुला खांद्यावर घेऊन म्हणायचा, “वजन वाढव भुंगे, वारा नेईल,” आणि स्वतः असा की वाऱ्याने त्याला दोनदा परत आणून सोडलं असेल. तो इस्पितळात आहे. दोन्ही हात आणि छाती भाजली आहे. मी दोनदा जाऊन आले. हे चारदा गेले आणि चारही वेळा जिन्यातून परत आले.

चौकशी समितीचं म्हणणं, ट्रान्सफॉर्मरचं तेल खराब झालं होतं आणि ते वेळेवर तपासणं यांचं काम होतं. यांचं म्हणणं वेगळं आहे. यांची ती लाकडी कांडी तुला ठाऊक आहे. एक टोक ट्रान्सफॉर्मरच्या पोटाला, दुसरं कानाला. तीस वर्षं हे असंच यंत्राचं दुखणं ऐकत आले. एकवीस जानेवारीपासून यांनी लॉगबुकात नऊ नोंदी केल्या: “दुपारी अडीच. आवाज जाड. नेहमीच्या सुराखाली आणखी एक सूर.” नऊही नोंदींखाली वरिष्ठांची सही आहे. वाचून केली की न वाचता, ते सहीवरून कळत नाही. शेजारच्या पोलाद कारखान्याने जानेवारीतच नवी भट्टी पेटवली. ती दुपारी चालते आणि विजेत घाण सोडते, असं हे म्हणतात.

समितीने बाहेरच्या कोणा तज्ज्ञांकडून त्या दिवसांतल्या विजेच्या नोंदी तपासून घेतल्या. त्यांच्या अहवालाचं एक पान हाती लागलं, त्याची नक्कल सोबत आहे. सही नाही, नुसता क्रमांक. त्यात लिहिलंय, “कोणत्याही हार्मोनिकची पातळी मर्यादेबाहेर आढळली नाही. आवाजाविषयीच्या नोंदींना आधार मिळत नाही.”

तू हेच काम करतेस ना? मग मला साध्या भाषेत सांग, हे पान खरं बोलतंय का. यांनी ते वाचलं आणि तेव्हापासून एक शब्द बोलले नाहीत. यांचं न बोलणं मला नवं नाही, पण पूर्वीच्या न बोलण्यात निदान घोरणं तरी असायचं.

तुझी,
मावशी


१६ मार्च

तीर्थरूप मावशीस,

उशीर झाला, रागावू नकोस. पत्र वाचून काकांसाठी आणि पैलवानकाकांसाठी फार वाईट वाटलं. दोन दिवस काही सुचलं नाही.

तू साध्या भाषेत सांग म्हणालीस. विजेची लाट स्वच्छ असली की एकाच तालात वर-खाली होते. भट्टीसारखी यंत्रं तिच्यात दुप्पट, तिप्पट, पाचपट वेगाच्या लहान लाटा मिसळतात. त्यांना आम्ही हार्मोनिक म्हणतो. आपल्या हाती येते ती सगळ्यांची मिळून झालेली एकच वेडीवाकडी लाट. गर्दीचा कालवा ऐकून त्यात कोण किती ओरडतंय ते ओळखावं, तसं हे काम.

त्या नोंदी तुटक होत्या, म्हणून नेहमीचं गणित चालेना. अशा वेळी थव्याची रीत वापरतात. शेकडो अंदाज पाखरांसारखे सोडायचे. जो अंदाज खऱ्या लाटेशी जास्त जुळतो, तिथे दाणे जास्त आहेत असं समज. प्रत्येक पाखराला स्वतःला सापडलेली सगळ्यात चांगली जागा आठवते आणि सगळ्या थव्याला सापडलेली जागाही कळते. दोन्हींची ओढ घेत घेत शेवटी थवा एका ठिकाणी उतरतो. ते उत्तर.

तो अहवाल मी पाहिला आहे. गणित बरोबर आहे. थवा शंभर वेळा सोडला, शंभरही वेळा एकाच जागी उतरला. लाट सत्त्याण्णव टक्के जुळली. उरलेले तीन टक्के हा नुसता गोंगाट असतो, तो कुठल्याही मोजणीत असतो.

मावशी, काकांचे कान मी लहानपणापासून पाहिलेत, पण वयाने भास होऊ शकतो. त्यात लाज काय? आमचे सर अशा समित्यांवर असतात. ते म्हणतात, जो भांडत बसत नाही त्याच्याशी समिती सौम्यपणे वागते. बघा, काकांना पटलं तर.

काकांना नमस्कार. प्रकृतीची काळजी घ्या दोघंही.

तुझी,
भुंगी


२९ मार्च

चि. भुंगीस,

तुझं पत्र मी यांना मोठ्याने वाचून दाखवलं. पाखरांपर्यंत ते ऐकत होते. ‘भास’ आला तसे उठले आणि नळ नीट बंद आहे का ते पाहून आले. नळ बंदच होता.

दुसऱ्या दिवशी मी यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी यांच्या कानांवर ती टोपी चढवली आणि बारीक बारीक आवाज ऐकवले. शेवटी म्हणाले, “आजोबा, तुमचे कान तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत.” हे म्हणाले, “मला आजोबा म्हणू नका,” आणि घरी येऊन कांडी कपाटाच्या वर, जुन्या छत्र्यांच्या मागे टाकली. डॉक्टरांवर यांचा विश्वास बसला नाही. तुझ्यावर बसला. परवा फ्रिज खडखडत होता, मी म्हटलं, “ऐकताय ना?” तर म्हणाले, “तू ऐक. माझं काही खरं नाही.”

तीस वर्षं ज्या माणसाला मी ‘अहो, ऐकलंत का’ म्हणत आले, त्याने ऐकण्याचा राजीनामा दिला आहे. घरात फार शांतता झाली आहे, भुंगे. तुझं भुंगी हे नावसुद्धा यांनीच ठेवलेलं. तू पलीकडच्या खोलीत गणितं सोडवताना गुणगुणायचीस. गुणगुण थांबली की हे पेपरातून डोकं न काढता सांगायचे, “अडली.” आणि तू अडलेली असायचीस.

आता एक लहानशी शंका. तू मोठी पंडिता, मी जुनी विद्यार्थिनी, तेव्हा हसलीस तरी चालेल. माझ्या वडिलांनी मला न्यायशास्त्र शिकवलं, ते घागरीवरून. जमिनीवर घागर दिसत नाही, म्हणून घागर नाही असं म्हणता येतं का? येतं, पण एका अटीवर. घागर तिथे असती तर दिसली असती, अशी स्थिती हवी. उजेड हवा, डोळे उघडे हवेत आणि मुख्य म्हणजे त्या बाजूला बघितलेलं हवं. अंधारात घागर दिसली नाही, तर त्यावरून एवढंच सिद्ध होतं की अंधार आहे. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. वडिलांनी हा शब्द माझ्याकडून इतक्यांदा म्हणवून घेतला, की मला त्या वयात घागरीचा राग यायचा.

तर माझी शंका अशी. तुझा थवा शंभर वेळा एकाच जागी उतरला, हे ठीक. पण सगळ्या रानात उडायची त्याला मुभा होती का? की काही शेतं आधीच कुंपणाबाहेर ठेवली होती? हे ज्या सुराबद्दल म्हणतात तो असता, तर त्या थव्याला दिसला असता का?

बारा एप्रिलला यांना समितीपुढे लेखी जबाब द्यायचा आहे. आवाज हा भास होता आणि तेलाकडे दुर्लक्ष झालं, असं लिहून सही केली तर प्रकरण मिटेल, असं सांगितलंय. सही करायची की नाही, ते तुझ्या उत्तरावर आहे. तेवढ्यासाठी घाईत राहा.

तुझी,
मावशी


११ एप्रिल

चि. भुंगीस,

तुझं उत्तर आलं नाही. टपालवाल्याला मी रोज अशी अडवते, की तो हल्ली पलीकडच्या फुटपाथवरून जातो. फोनवर हे विचारता येत नाही, यांची आरामखुर्ची फोनशेजारीच आहे.

पैलवान सात तारखेला गेला. शेवटचे दोन दिवस त्याला बोलता येत नव्हतं. हे पाचव्या वेळी जिना चढून वर गेले, पण तोवर पलंगावर दुसरा माणूस होता.

आज संध्याकाळी यांनी मला विचारलं, “भुंगी काय म्हणते?” मी म्हटलं, तिला जे म्हणायचं होतं ते तिने पहिल्याच पत्रात म्हटलंय. तिला शंकेत काही तथ्य वाटलं असतं तर तिने लिहिलं असतं. आपल्या माणसाचा शब्द हेही प्रमाणच असतं.

उद्या हे सही करतील.

मावशी


१४ एप्रिल

मावशी,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहिते आहे. आधीची तीन फाडली.

तो अहवाल माझा आहे.

आमच्याकडे आलेल्या फाइलवर सबस्टेशनचं नाव नव्हतं, क्रमांक होता. लॉगबुकाची पानं टाइप करून आली होती. काकांचं अक्षर असतं तर मी ओळखलं असतं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा कळलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. तुला ‘अहवाल पाहिला आहे’ असं लिहिलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता, म्हणून मला ते लिहिता आलं.

तुझं घागरीचं पत्र दोन तारखेला मिळालं. मी हसले नाही. त्याच दुपारी प्रयोगशाळेत जाऊन माझीच फाइल उघडली. थव्याला मी फक्त तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या हार्मोनिकमध्ये शोधायला सांगितलं होतं. सगळे तेच करतात. लाटेचा वरचा अर्धा आणि खालचा अर्धा एकमेकांसारखे असतात असं आम्ही धरून चालतो, आणि तसे असले तर दुसरी, चौथी हार्मोनिक निर्माणच होत नाही. मग पाखरांना तिकडे कशाला पाठवायचं? कुंपण मीच घातलं होतं, मावशी. शंभर वेळा सोडलेला थवा शंभर वेळा त्याच कुंपणात उतरला, आणि मी त्याला खात्री समजले.

कुंपण काढलं. सहा तारखेपर्यंत सगळं स्पष्ट झालं. दुसरी आणि चौथी, दोन्ही आहेत, मर्यादेच्या कितीतरी बाहेर. त्या भट्टीत लाटेचे दोन अर्धे सारखे राहतच नव्हते. मी गोंगाट म्हणून टाकलेल्या तीन टक्क्यांत त्या होत्या. काकांच्या नोंदीचे नऊ दिवस. नऊही दिवस, अडीचच्या सुमारास. आणि ऐक. दोन अर्धे असमान झाले की ट्रान्सफॉर्मरच्या नेहमीच्या गुणगुणीखाली, बरोबर निम्म्या वेगाचा, आणखी एक सूर लागतो. ट्रान्सफॉर्मर तापतो तोही त्यामुळेच. काकांनी शब्दशः तेच लिहिलं होतं. ते पान माझ्यासमोर होतं. मी ते ‘तक्रारी’ असं लिहिलेल्या पाकिटात ठेवलं होतं.

मग सहा तारखेला का नाही कळवलं? सरांना सांगितलं. ते म्हणाले, आधी नीट खातरजमा करू, याच महिन्यात तुझी नेमणूक कायम व्हायची आहे, आठवड्याने काय बिघडतं. मी आठवडाभर खातरजमा केली. पहिल्या दिवसानंतर खातरजमा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. फोन करता आला असता. पण तुमच्याकडे फोन काका उचलतात. ते ‘हॅलो’च्या आधी माझा श्वास ऐकतात आणि म्हणतात, “काय गं, अडली?”

तुझं अकरा तारखेचं पत्र आज आलं. आजच समितीला माझ्या सहीने दुरुस्ती पाठवली आहे. सरांना विचारलेलं नाही. काकांनी सही केली नसेल, असं मी धरून चालले आहे. मला धरून चालायची सवय आहे.

भुंगी


५ मे

चि. भुंगीस,

तुझं पत्र सतरा तारखेला आलं. सही बारा तारखेला झाली होती. समितीचं उत्तरही आलं आहे: जबाब स्वेच्छेने दिलेला असल्यामुळे प्रकरण बंद करण्यात आलं असून तुझी दुरुस्ती फाइलला जोडण्यात आली आहे. जोडणं हे एक उत्तम क्रियापद आहे. त्यात वाचणं येत नाही.

पत्राला उशीर झाला, कारण मला रागावायचं होतं आणि नेमकं कोणावर ते ठरत नव्हतं. आधी तुझ्यावर रागावून पाहिलं. ते दोन दिवस चाललं. मग एक गोष्ट कबूल करावी लागली, ती तुलाही सांगते. ‘थवा शंभर वेळा सोडला’ हे मी पाठवलेल्या पानावर नव्हतं. मी जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलेली बाई. मजकुरात जे नाही ते तिसऱ्या वाचनात मला दिसतंच. अहवाल तुझा आहे, हे मला मार्चमध्येच कळलं होतं. मला वाटलं, भुंगीचं काम आहे, म्हणजे चोख असणार. म्हणून तर यांना सही करा म्हटलं. तू लपवलंस, आणि मी लपवलेलं ओळखून त्यावरच विश्वास टाकला. आता दोघींत अधिक शहाणी कोण, ते तू थवा सोडून काढ.

आता यांचं. तुझं पत्र मी जसंच्या तसं वाचून दाखवलं, ‘तक्रारी’च्या पाकिटासकट. मला वाटलं होतं, यांना सुटल्यासारखं होईल. हे म्हणाले, “म्हणजे मला ऐकू येत होतं.”

मी म्हटलं, “हो. नऊच्या नऊ वेळा.”

“दहा,” हे म्हणाले. “अकरा फेब्रुवारीलाही आला होता. लिहायला वेळ झाला नाही.”

आणि मग जे सांगितलं ते यांनी समितीलाही सांगितलं नव्हतं. त्या दुपारी तो सूर रोजच्यापेक्षा खूप मोठा होता. ब्रेकर पाडून ट्रान्सफॉर्मर बंद करावा असं यांच्या हाताला वाटलं होतं. पण गेल्या वर्षी नुसत्या आवाजावरून एकदा बंद केला, तेव्हा वरून ताकीद मिळाली होती: ऐकीव गोष्टींवर पुरवठा तोडू नये. म्हणून यांनी पुरावा मिळवायचा ठरवला आणि पैलवानाला सांगितलं, “जा, तेलाचा नमुना काढून आण.” पैलवान म्हणाला, “तुमच्या कानाची लॅबमध्ये एवढी किंमत नाही होय?” आणि हसत बाटली घेऊन गेला.

भास होता, तोवर यांचा गुन्हा तेलाचा होता. म्हातारा झालो, चुकलो, सही केली. आता तू सिद्ध केलंस की यांनी खरं ऐकलं होतं. खरं ऐकलं, ओळखलं, आणि तरी माणूस आत पाठवला. तू यांचे कान परत दिलेस, भुंगे. त्यांच्यासोबत काय काय परत आलं, ते तुझ्या गणितात नव्हतं. माझ्या न्यायातही नव्हतं. मी यांना सांगते, ताकीद देणाऱ्यांचं काय, भट्टीवाल्यांचं काय, नऊ सह्या करणाऱ्याचं काय? हे म्हणतात, “त्यांना ऐकू येत नव्हतं.”

गेल्या रविवारी हे पैलवानाच्या बायकोकडे जाऊन आले. एकटेच गेले. काय बोलणं झालं ते सांगितलं नाही. फक्त म्हणाले, “तिने दार उघडं ठेवलं होतं. मी बाहेरूनच सांगितलं.”

मी हे पत्र इथे संपवणार होते. तुला थोडं बोलून, थोडं माफ करून, वयाला शोभेल असं काहीतरी. माफीचं अजून माझं ठरलेलं नाही, ते राहू दे. पण आज एक नवीन गोष्ट झाली.

जळालेल्या ट्रान्सफॉर्मरच्या जागी नवा बसवून पंधरा दिवस झाले. हे रोज दुपारी फिरायला म्हणून जातात ते सबस्टेशनच्या कुंपणापाशी, हे मला ठाऊक होतं. आज परत आले, स्टूल घेतलं, कपाटाच्या वरच्या छत्र्या बाजूला करून कांडी काढली आणि फडक्याने पुसत बसले. मी विचारलं, “आता कशाला?”

म्हणाले, “मला आत सोडणार नाहीत. पण रस्त्यावरूनसुद्धा येतोय.”

“काय येतोय?”

“तोच. खालचा.”

भट्टी कधी थांबलीच नव्हती, भुंगे. ट्रान्सफॉर्मर बदलला, चालक बदलला. आतला नवा माणूस यांना कुंपणाआडून हात करतो. त्याला वाटतं, कोणी रिकामटेकडा म्हातारा आहे.

यांनी वरच्यांना फोन केला. नाव सांगितलं तशी पलीकडून विचारणा झाली, आवाज भास असल्याचं आपणच लिहून दिलंत ना? यांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, “भुंगीला लिही. तिचं ऐकतील. ती जे मोजते ते त्यांना दिसतं.”

तेव्हा यांच्या सांगण्यावरून लिहिते, आणि या वेळी हे पान कुठल्या पाकिटात ठेवायचं ते तूच ठरव:

५ मे. दुपारी अडीच. आवाज जाड. नेहमीच्या सुराखाली आणखी एक सूर.

पत्र पोचेपर्यंत थांबायला नको म्हणून मी आत्ता उठून तुझ्या प्रयोगशाळेत फोन लावते आहे. तू उचलला नाहीस तर हे पत्र राहील. उचललास तर हे पत्र तिकडे पोचेल तेव्हा तू इथे कुंपणापाशी, यांच्या शेजारी उभी असायला हवीस.

खातरजमा करत बसू नकोस.

मावशी